काया

ऐन लग्नसराईत स्टुडिओतलं चोरीचं सॉफ्टवेअर
एका सकाळी उघडेचना.
वाल्मीक अप्पा म्हणाले, नवं घ्यायला पैसे नाहीत
आणि फुकटातलं चांगलं नसतं.
मी म्हटलं, अप्पा, बसस्टँडवरची पाणपोई?
मे महिन्यात अख्खं चोपडा तिथं पितं.
रांजण कोण भरतं, कधी विचारलंय?

मग डार्कटेबल उतरवलं,
लाइट जाईल तसं थांबत, रात्रभर.

पहिले आठ दिवस नुसती झटापट.
रॉ फाइल उघडली की फोटो मेलेला दिसायचा,
हिरवट, मळकट, अंगात जीव नसल्यागत.
कॅमेऱ्याच्या पाठीवर तर केवढा देखणा होता!
नंतर कळलं, तो पिकवलेला होता,
कार्बाइड लावून एका रात्रीत पिवळं केलेलं केळं.
ही कच्ची.
हाताला चीक लागतो हिचा.
पण दिल्लीपर्यंत जाते ती कच्चीच.

हिस्टोग्राम म्हणजे सातपुड्याची रांग,
फक्त दुपारी बाराच्या हळदीत
सगळा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटतो.
आणि व्हाइट बॅलन्सला एक पांढरं दाखवावं लागतं.
मी मांडवामागच्या जिनिंगमधला कापूस दाखवला,
नवरी निळी पडली.
इतकी वर्षं कापसाच्या गावात राहून
कापूस पिवळसर असतो हे मला
एका यंत्रानं सांगितलं.

नवरी हर्षाली कोळी, गोरगावल्याची.
तिच्या सासरहून फोन आला:
बठ्ठा फोटू काया उनात.
पोरगीले जराशी उजय करी द्या.

आमच्या बोलीत ळ टिकत नाही, त्याचा य होतो.
काळा म्हणजे काया.
फोन ठेवला, पण तो शब्द खोलीतच राहिला.
शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिला होता,
काया, म्हणजे देह.
पाच वेळा लिहून आणा.

मी एक्स्पोजर अडीच पायऱ्या वर नेलं,
हर्षालीचं नाही, मांडवाच्या सावलीचं.
तिथं कुणीतरी होतं.
आधी दात आले, मग पदराचा काठ,
मग बोटं, केळीच्या चिकानं पेरांपर्यंत डागाळलेली.
इंदूबाई, तिची आई, कापणीला जाते.
कुणी आपला फोटो काढत नाहीये
अशा खात्रीनं हसत होती.

काळ्यात असतं हे सगळं.
थोडा आवाज येतो, दाणे येतात, पण माणूस येतो.
जळालेल्या पांढऱ्यात मात्र काही नसतं,
कितीही ओढा.

हे मला पक्कं माहीत आहे.
दोन हजार अकरा साली ह्याच पडद्यापुढं
बायोडाट्यासाठी अप्पांनी माझा चेहरा चुन्यात बुडवला होता.
ती जेपेग परवा उघडली.
स्लायडर खाली, अजून खाली.
पांढऱ्याची राख झाली, गाल काही परत आला नाही.
नाकाशेजारचा तीळ कायमचा गेलाय.
तीन स्थळं आली होती त्या फोटोवर.
तिन्ही वेळा लोकांनी दारातच
आधी कागद पाहिला, मग मला, मग पुन्हा कागद.

हर्षाली पाठवून दिली, होती तशी.
हळद तेवढी हळदीसारखी केली.
इंदूबाईचा फोटो वेगळा काढला, आठ बाय बाराचा,
त्याचे पैसे कुणी मागितलेले नाहीत.
सासरचे बिल कापतील, अप्पा दोन दिवस बोलणार नाहीत.
मूळ फाइलला माझा हात लागलेला नाही.
मी काय काय केलं ते शेजारी
एका चिमुकल्या फाइलीत लिहिलेलं आहे,
नको असेल त्यानं पुसावं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं,
स्टुलावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांवर,
आणि दारातून येणाऱ्या उजेडात जाऊन उभी राहिले.
केसही विंचरले नाहीत.

कार्डावर आहे.
अजून उघडलेलं नाही.
काया असेल.